ट्रस्टला नाव काय द्यावं? हयातीतच मालमत्तेची व्यवस्था लावणाऱ्यांसाठी

मागच्या रमजानच्या थोडं आधी परळचे एक ओळखीचे चाचा घरी आले. आयुष्यभर गिरणीत आणि नंतर वॉचमनची नोकरी. जुनी चाळ पाडून तिथे इमारत झाली आणि उतारवयात मालकीचा फ्लॅट पदरात पडला. दोन मुली आपापल्या घरी सुखी. सगळ्यात धाकटा मुलगा पस्तिशीचा आहे, पण त्याची समज सात-आठ वर्षांच्या पोराएवढीच. चाचांना रात्रंदिवस एकच घोर, आपल्या मागे याचं काय?

कोणीतरी सुचवलं की फ्लॅट आणि बँकेतली ठेव ट्रस्टमध्ये ठेवा. त्यांनी एका टायपिस्टकडून कच्चा मसुदा करून आणला होता. मला म्हणाले, "टीचर, बाकी सगळं झालंय. नाव तेवढं बरोबर आहे का बघा. उर्दूतही लिहून द्या."

नावात पहिला शब्द त्यांच्या मरहूम आईचा. त्यापुढे चार शब्द होते: "वक्फ चॅरिटेबल फॅमिली ट्रस्ट".

चाचांना वाटलं होतं, जितके चांगले शब्द तितकी बरकत. पण हे शब्द वेगवेगळ्या कायद्यांकडे ओढतात. वक्फ म्हटलं की एक दफ्तर, चॅरिटेबल म्हटलं की दुसरं, आणि फॅमिली म्हटलं की तिसरीच वाट. त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो, आणि नंतर मी वकिलांना विचारून व वाचून जे समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. असा प्रश्न पडलेली घरं गिरगाव, दादर, लालबागमध्ये कमी नाहीत.

नाव ठेवण्याआधी प्रकार ठरवा

माणूस हयात असताना ट्रस्ट करतो, त्याला इंग्रजी जाणणारे "लिव्हिंग ट्रस्ट" म्हणतात. आपल्याकडे या नावाचा वेगळा कायदा नाही. आपल्यासमोर साधारण तीन वाटा असतात.

पहिली, खाजगी ट्रस्ट. यात लाभ घरच्या ठरावीक माणसांना मिळतो. याला १८८२ चा भारतीय ट्रस्ट कायदा लागतो. चार गोष्टी स्पष्ट हव्यात: ट्रस्ट करण्याचा इरादा, त्याचा हेतू, लाभार्थी कोण आणि मालमत्ता कोणती. हयातीत करायचा असेल आणि त्यात घर किंवा जमीन असेल तर लेखी, सही केलेला दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. मात्र असा ट्रस्ट कयामतपर्यंत चालत नाही, त्याच्या मुदतीला कायद्याची मर्यादा आहे.

दुसरी, सार्वजनिक ट्रस्ट. शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती, गरिबांना मदत अशा कामांसाठी. याला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो. ट्रस्ट केल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणीचा अर्ज करायचा असतो. मुंबईचं हे कार्यालय वरळीला आहे.

तिसरी, वक्फ. मालमत्ता अल्लाहच्या नावे कायमची बांधून ठेवायची आणि तिचं उत्पन्न ठरवलेल्या कामाला लावायचं. घरच्यांसाठी केलेल्या वक्फला "वक्फ अलल-औलाद" म्हणतात. त्यातही शेवटी लाभ गरिबांकडे किंवा कायमच्या पुण्यकर्माकडे गेला पाहिजे. एकदा केलेला वक्फ मागे घेता येत नाही. विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं, सगळं बंद.

चाचांना मुलाच्या औषधपाण्यासाठी उद्या फ्लॅट भाड्यानं द्यावा लागेल, कदाचित विकून लहान घर घ्यावं लागेल. म्हणजे वक्फ त्यांच्या कामाचा नव्हता. धर्मादाय तर नव्हताच, कारण लाभार्थी एकच, तोही घरचा. त्यांना हवा होता खाजगी ट्रस्ट. तरी नाव मात्र तिन्हींचं लागलं होतं.

नुसत्या नावानं वक्फ होत नाही

हा वाद आजचा नाही. १८८१ मध्ये मुंबई हायकोर्टानं फातमाबीबी यांच्या प्रकरणात असा वक्फ मान्य केला होता, ज्यात आधी कुटुंबाला लाभ आणि शेवटी खैरात अशी रचना होती. पण १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं अबुल फता यांच्या खटल्यात उलटा निकाल दिला. दोन भावांनी पिढ्यान् पिढ्या आपल्याच घराण्याला लाभ मिळेल असा दस्त केला होता. गरिबांचा नंबर लागणार होता तो घराणं संपल्यावर. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं की ही खैरात केवळ दिखाव्याची आहे, आणि आत काय आहे ते न बघता वरच्या शब्दांनाच मान देता येणार नाही.

या निकालानं देशभरातले मुसलमान अस्वस्थ झाले, कारण शरीअतमध्ये आपल्या औलादीसाठी तरतूद करणं हेही सवाबाचंच काम मानलं जातं. मुंबईचे बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १९१३ मध्ये मुसलमान वक्फ वैधता कायदा झाला. वक्फ अलल-औलाद पुन्हा कायदेशीर ठरला. १९३० च्या दुसऱ्या कायद्यानं तो जुन्या वक्फांनाही लागू झाला.

दुसऱ्या बाजूनंही हेच खरं. मुसलमानानं केलेली प्रत्येक खैरात वक्फच असते असं नाही. महाराष्ट्रात मुस्लिम सार्वजनिक ट्रस्ट वक्फ मंडळाच्या अखत्यारीत की धर्मादाय आयुक्तांच्या, हा वाद बरीच वर्षं चालला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वक्फ आणि मुस्लिम सार्वजनिक ट्रस्ट या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, दस्त बघूनच ठरवावं लागेल. २०२५ च्या दुरुस्तीतही, मुसलमानानं इतर कायद्याखाली केलेल्या ट्रस्टला वक्फ कायदा लागू नाही, असं लिहिलेलं आहे.

मग नावाचं महत्त्व काय? नावानं प्रकार ठरत नसला तरी संशय मात्र येतो. दस्तात एक आणि नावात दुसरं असेल तर बँकेचा अधिकारी विचारतो, सोसायटीचा सेक्रेटरी अडवतो, आणि उद्या एखादा नाराज नातेवाईक कोर्टात म्हणू शकतो की "नावातच वक्फ आहे, मग फ्लॅट विकला कसा?" केस जिंकालही, पण तोपर्यंत त्या मुलाचा खर्च कोण बघणार?

निजामांच्या ट्रस्टची नावं

नाव कसं असावं याचा एक चांगला नमुना आपल्या मराठवाड्यावर राज्य केलेल्या घराण्यात सापडतो. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९५० नंतर हयातीतच एकामागून एक अनेक ट्रस्ट केले. नावं अगदी सरळ ठेवली: फॅमिली ट्रस्ट, ज्वेलरी ट्रस्ट, सप्लिमेंटल ज्वेलरी ट्रस्ट, पिलग्रिमेज मनी ट्रस्ट, रिलिजियस एन्डोमेंट ट्रस्ट, चॅरिटेबल ट्रस्ट. पुढे "निजामांचे" एवढी खूण आणि मागे त्या पैशाचं काम. घराण्याचा पैसा कोणता, दागिने कोणते, हज-जियारतीचा पैसा कोणता, हे नुसत्या नावावरून कळतं.

त्यांच्या चॅरिटेबल ट्रस्टवरून हा वक्फ आहे की ट्रस्ट, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं दस्तातला मजकूर पाहून तो सार्वजनिक ट्रस्ट असल्याचा निकाल दिला, वक्फ नव्हे. दागिन्यांच्या ट्रस्टकडून तर १९९५ मध्ये भारत सरकारनं २१८ कोटी रुपयांना दागिने विकत घेतले. ते वक्फ असते तर असा सौदा झालाच नसता.

आपल्याकडे ना दागिने ना संस्थान, पण रीत घेण्यासारखी आहे. कोणाचा, कशासाठी, आणि मग "ट्रस्ट". तीन-चार शब्दांत काम होतं.

कोणाचं नाव द्यावं?

आई-वडील किंवा आजी-आजोबांचं नाव: आपल्याकडे हीच पद्धत जास्त. मरहूमांच्या नावानं ईसाल-ए-सवाबची भावनाही असते. चांगली गोष्ट आहे. पण खाजगी ट्रस्टमध्ये पैसा घरच्यांसाठी आहे, खैरात नाही, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. सदका-ए-जारिया करायचा असेल तर त्याची रक्कम वेगळी काढून वेगळा ट्रस्ट करा.

स्वतःचं नाव: कायद्यानं चालतं. रियाकारीची भीती वाटत असेल तर आडनाव पुरेसं आहे. मात्र शेख, खान, अन्सारी ही आडनावं हजारो घरांत आहेत. नुसतं "शेख फॅमिली ट्रस्ट" ठेवलं तर बँकेत त्याच नावाची आणखी खाती निघतील. खाजगी ट्रस्टच्या नावांची कुठे यादी नसते, त्यामुळे नाव आधी कोणी घेतलंय का हे तपासायची सोय नाही. गावाचं नाव, वडिलांचं नाव किंवा वर्ष जोडा. अमेरिकेत ट्रस्टच्या नावात दस्ताची तारीख घालण्याची पद्धत आहे. आपल्याकडे सक्ती नाही, पण एकाच घरात दोन ट्रस्ट असतील तर वर्ष घातलेलं बरं.

लाभार्थी मुलाचं नाव: मी तरी टाळायला सांगेन. ट्रस्टचं नाव चेकवर, भाडेकरारावर, सोसायटीच्या बोर्डावर येतं. आजारी किंवा अपंग मुलाच्या नावे पैसा आहे हे साऱ्या गल्लीला कळण्याची गरज नाही. दस्ताच्या आत त्याचं नाव असतंच.

अल्लाहची नावं आणि आयती: काही लोक "अर-रहमान", "अर-रज्जाक" अशी नावं ठेवतात. ती रद्दीच्या कागदावर, पावतीवर, पाकिटावर छापली जाणार आणि उद्या कचऱ्यात जाणार. अदब म्हणून टाळलेलं चांगलं. फलाह, खिदमत, अमानत, नूर असे अर्थपूर्ण शब्द पुष्कळ आहेत. मला स्वतःला "अमानत" हा शब्द ट्रस्टसाठी सगळ्यात योग्य वाटतो, कारण विश्वस्ताच्या हाती असते ती अमानतच.

आणखी एक. नाव जिभेवर बसणारं ठेवा. परळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत, आणि त्या पैशातून १९२६ मध्ये कॉलेज सुरू झालं. आज सगळे त्याला "जीएस" म्हणतात. शेजारचं किंग एडवर्ड मेमोरियल झालं "केईएम". १९२९ चं बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल "वाडिया", आणि १९४१ चं टाटा मेमोरियल नुसतं "टाटा". लोक लांब नाव कापणारच. कापल्यावर जे उरेल ते चांगलं उरावं एवढं बघा.

स्पेलिंग एकच, सगळीकडे

हा माझ्या रोजच्या कामातला विषय. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकाच मुलाचं नाव उर्दूत एक, मराठीत दुसरं आणि आधार कार्डावर तिसरं असतं. मोहम्मद, मुहम्मद, महंमद. शेख, शैख. कादिर, कादर, अब्दुल कादर. उर्दूत हे सगळं एकाच पद्धतीनं लिहिलं जातं, म्हणून घरच्यांना फरकच जाणवत नाही. दाखला काढायच्या दिवशी मात्र ॲफिडेव्हिटसाठी धावाधाव होते.

भायखळ्याचं साबू सिद्दीक घ्या. मोहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचं हे तंत्रशिक्षणाचं केंद्र १९३६ चं. संस्था इंग्रजीत नावाचा शेवट "के"नं करते, आणि बाहेरची मंडळी "क्यू" आणि "यू" घालून लिहितात. संस्था मोठी आहे म्हणून चालून जातं. आपल्या ट्रस्टचा चेक अशा एका अक्षरावरून परत येऊ शकतो.

म्हणून दस्त टाइप होण्याआधी एका कागदावर नाव इंग्रजी, मराठी आणि हवं तर उर्दूत लिहून काढा. इंग्रजी स्पेलिंग आधार किंवा पॅनवर आहे तेच घ्या, म्हणजे आईचं नाव असेल तर आईच्या जुन्या कागदावरचं. दस्तातच लिहून टाका की ट्रस्टचं अधिकृत नाव अमुक लिपीतलं. पुढे कुठेही "मो.", "अ." असे तुकडे करू नका.

ट्रस्टचं वेगळं पॅन निघतं. त्याचं चौथं अक्षर ट्रस्टसाठी "टी" असतं आणि पाचवं अक्षर ट्रस्टच्या नावाचं पहिलं अक्षर. नावाच्या सुरुवातीला हौसेनं "द" लावलं तर तेच पहिलं अक्षर धरलं जाईल आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ते "द" लिहावं लागेल. नकोच ते.

टाळायचे शब्द

- सरकारचा आश्रय आहे असा भास होणारे शब्द. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानुसार हे चालत नाही. छत्रपती शिवाजी महाराज, गांधी, नेहरू ही नावंही त्याच यादीत आहेत.
- "भ्रष्टाचार निर्मूलन", "मानवाधिकार" यांसारखे शब्द. सार्वजनिक ट्रस्टच्या नावात ते येऊ नयेत म्हणून धर्मादाय आयुक्तांनी २०१८ मध्ये परिपत्रक काढलं होतं.
- खाजगी ट्रस्टमध्ये "चॅरिटेबल", "वेल्फेअर", "फाउंडेशन". लोक देणगी समजून पैसे देतील आणि हिशेब विचारतील.
- वक्फ करायचा नसेल तर "वक्फ" आणि "मुतवल्ली". मुतवल्लीऐवजी "विश्वस्त" किंवा "ट्रस्टी" लिहा.

मालमत्ता नावावर चढवताना

खाजगी ट्रस्ट कंपनीसारखा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसतो. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते, ट्रस्टसाठी. म्हणून दस्तात आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर "अमुक आणि अमुक, अमुक फॅमिली ट्रस्टचे विश्वस्त" असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं ट्रस्टचं नाव किंवा नुसतं माणसाचं नाव लिहिलं तर वीस वर्षांनी प्रश्न निघतो.

गिरगाव-लालबागच्या वाचकांसाठी महत्त्वाचं: खोली पागडीची असेल तर आपण भाडेकरू आहोत, मालक नाही. ती परस्पर ट्रस्टमध्ये टाकता येत नाही. पुनर्विकासानंतर मालकीचा फ्लॅट हाती आला की मग तो विचार.

पुढे नाव बदलायचं झालं तर खाजगी ट्रस्टमध्ये दस्तात तसा अधिकार ठेवलेला हवा. मग पुरवणी दस्त, पॅन, बँक, सोसायटी अशी पूर्ण फेरी. सार्वजनिक ट्रस्टमध्ये धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला बदल ९० दिवसांत चेंज रिपोर्ट देऊन कळवायचा असतो. आधीच विचार केलेला स्वस्त पडतो.

नावाआड कोणाचा हक्क जाऊ नये

आपल्या कायद्यात वसीयत एक तृतीयांशपर्यंतच करता येते, आणि सुन्नी फिकहनुसार वारसाच्या नावे वसीयत करायची तर बाकी वारसांची संमती लागते. हिबा हयातीत करता येतो, पण ताबा द्यावा लागतो. ट्रस्ट म्हणजे या दोन्हींतून निसटायची पळवाट नाही. कागदावर ट्रस्ट आणि प्रत्यक्षात मरेपर्यंत सगळं स्वतःच्या मुठीत, असं असेल तर मयतानंतर वारस त्याला वसीयत म्हणून आव्हान देऊ शकतात. म्हणून वकील आणि मुफ्ती दोघांनाही मसुदा दाखवा.

मुलींचं नाव कापण्यासाठी "फॅमिली ट्रस्ट" करणारेही आहेत, हे लिहिताना वाईट वाटतं. २०२५ च्या दुरुस्तीनं वक्फ अलल-औलादमध्ये स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क डावलता येणार नाही असं स्पष्ट केलं. या दुरुस्तीतल्या काही इतर तरतुदींना सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम स्थगिती दिली आहे, त्यामुळे वक्फ करणाऱ्यांनी ताजी स्थिती विचारूनच पुढे जावं. पण मुलींचा हिस्सा ही काही आज आलेली गोष्ट नाही, ती कुरआननं ठरवलेली आहे. औलादीत देण्याघेण्याची बरोबरी ठेवण्याची ताकीद हदीसमध्येही आहे. एखाद्या मुलाची गरज खरोखर जास्त असेल तर बाकीच्यांना समोर बसवून, समजावून, त्यांच्या रजामंदीनं करा.

चाचांनी तेच केलं. ईदनंतर दोन्ही मुलींना बोलावलं. मोठी म्हणाली, "अब्बा, आमचा हिस्सा राहू दे. भावाचं आधी बघा, कागद आम्ही वाचून सही करू." दोघी विश्वस्त झाल्या. वकिलांनी लिहिलं की मुलाच्या पश्चात जे उरेल ते वारसांमध्ये शरीअतप्रमाणे वाटलं जाईल. गरिबांसाठी चाचांनी ठेवीतली थोडी रक्कम बाजूला काढली, ती ट्रस्टमध्ये मिसळली नाही.

आणि नाव? पाच शब्दांचे तीन राहिले. आईचं नाव, "फॅमिली" आणि "ट्रस्ट". इंग्रजी स्पेलिंग दादीच्या जुन्या रेशन कार्डावरून घेतलं. उर्दूत मी लिहून दिलं. चाचांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "टीचर, छोटंसं वाटतंय." मी म्हटलं, "चाचा, नाव छोटं असलं तरी चालेल. आतला कागद पक्का झालाय."